दयेचा हिशेब

मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला औषध नाकारावे काय? असा प्रश्न कोणी केला, तर ‘छे, मुळीच नाही’ असे उत्तर आपण तत्काळ देऊ. पण प्रश्न थोडा बदलून पाहावा. औषध नवे आहे. ते गुण देईल अशी आशा आहे, खात्री नाही. त्याची किंमत अफाट आहे. आणि पैसा रोग्याच्या खिशातला नसून सर्वांच्या सामाईक थैलीतला आहे. आता मात्र तेच उत्तर ओठांवर अडखळते. दया आणि हिशेब यांचे वैर आहे, असे आपण धरून चालतो. हिशेबी माणूस म्हटला की तो कोरडा असणारच! हे वैर खरोखरच आहे काय, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

इंग्लंडने या प्रश्नाला उघड्यावर तोंड दिले, म्हणून तेथला अनुभव पाहण्याजोगा आहे. तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवा करांच्या पैशावर चालते. इस्पितळात रोग्याला उपचाराचे बिल येत नाही. कोणते नवे औषध या सामाईक खर्चातून द्यावे हे ठरविण्यासाठी १९९९ साली ‘नाइस’ या नावाने ओळखली जाणारी संस्था स्थापन झाली. औषधाने आयुष्य किती वाढते आणि ते कोणत्या अवस्थेत जाते, या दोन्ही गोष्टी ती विचारात घेते. अंथरुणाला खिळून काढलेले वर्ष आणि हिंडत-फिरत काढलेले वर्ष ही तिच्या लेखी सारखी नव्हेत. पूर्ण निरोगी अशा एका वर्षाइतके आयुष्य मिळविण्यास २० ते ३० हजार पौंडांपर्यंत खर्च येत असेल, तर ते औषध सामान्यतः मान्य करावे, असा दंडक तिने दीर्घकाळ पाळला. या दंडकात कर्करोगावरची कित्येक नवी औषधे बसेनात.

साहजिकच लोक संतापले. औषध नाकारले गेलेल्यांच्या करुण कहाण्या वर्तमानपत्रांतून येऊ लागल्या आणि २०११ साली सरकारने खास कर्करोगाच्या औषधांसाठी वर्षाला २० कोटी पौंडांचा वेगळा निधी उभारला. ‘नाइस’ने नाकारलेली औषधेही त्यातून मिळू लागली. दयेचा विजय झाला, असेच कोणीही म्हटले असते. खर्च मात्र वाढत जाऊन २०१४-१५ मध्ये ४० कोटींच्या वर गेला. पुढे २०१७ साली काही संशोधकांनी या निधीची छाननी केली. २०१५ च्या आरंभी यादीत असलेल्या ४७ उपचारांपैकी आयुष्य निश्चितपणे वाढते असा पुरावा फक्त १८ उपचारांच्या बाबतीत होता; आणि तेथेही ही वाढ साधारणपणे तीन महिन्यांची होती.

यावर कोणी म्हणेल, तीन महिने काय थोडे झाले? लेकीचे लग्न पाहून डोळे मिटू इच्छिणाऱ्या बापाला विचारा! हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आयुष्याचा शेवटचा तुकडा इतर तुकड्यांपेक्षा मोलाचा वाटतो, यात माणसाचे माणूसपणच आहे. परंतु तो पैसा दुसरीकडे काय करू शकला असता, हेही पाहिले पाहिजे. त्याच आरोग्यसेवेच्या रोजच्या कामात सुमारे १३,००० पौंडांत एक निरोगी वर्ष पदरात पडते, असा अंदाज यॉर्क विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ साली मांडला. म्हणजे महागड्या औषधापायी कुठे एखादी परिचारिका कमी झाली, कुठे शस्त्रक्रिया लांबली. त्यात ज्यांचे आयुष्य उणावले, त्यांची छायाचित्रे कुठल्याही वर्तमानपत्रात आली नाहीत. आपले आयुष्य उणावले हे त्यांना स्वतःलाही कळले नाही! दया डोळ्यांना दिसणाऱ्याकडे धावते. न दिसणाऱ्याची बाजू मांडायला हिशेबाखेरीज कोणी नसते.

तरीही या निधीचा मोठा दोष खर्चाचा नव्हता. मार्च २०१५ पर्यंत सुमारे ७४,००० रोग्यांना त्यातून औषधे मंजूर झाली. पण त्यांचे पुढे काय झाले, याच्या नोंदी इतक्या अपुऱ्या होत्या की, निधीचा रोग्यांना कितपत उपयोग झाला हे सांगता येत नाही, असा निष्कर्ष सरकारी हिशेब-तपासनिसांना त्याच वर्षी काढावा लागला. इतक्या लोकांनी ती औषधे घेतली, कित्येकांनी त्यांचा त्रास सोसला. आणि त्यांच्यामागून येणाऱ्या रोग्याला त्यातून शहाणपण म्हणून फारच थोडे मिळाले.

याच देशाने पूर्वी वेगळा धडा घालून दिला होता. महायुद्धानंतर क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध इंग्लंडला फार थोडे मिळाले. अधिक आणावे तर गाठीशी डॉलर नव्हते. सर्वांना पुरणार नाहीच, तर निदान त्याचा गुण तरी नीट पारखावा, असे ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल प्रभृतींनी ठरविले. १०७ रोग्यांपैकी औषध कोणाला मिळावे हे दैवगतीने, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरले. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ दगावले. नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४. हे निष्कर्ष १९४८ साली प्रसिद्ध झाले. जंतू औषधाला दाद देईनासे होतात हेही त्याच नोंदींतून स्पष्ट झाले, आणि मग दुसऱ्या औषधाची जोड देऊन त्यावर उपाय निघाला. ती पारख निष्ठुर होती काय? त्या १०७ जणांचे ऋण पुढच्या असंख्य क्षयरोग्यांवर आहे.

२०१६ साली इंग्लंडने आपला निधी याच विचाराने नव्याने बांधला. आशादायक औषध ठराविक मुदतीपुरते द्यायचे, त्या मुदतीत पुरावा गोळा करायचा आणि मग कायमचा निर्णय घ्यायचा. खर्च मर्यादेबाहेर गेला तर त्याचा भार औषध-कंपन्यांनी उचलायचा. आशेला दार उघडे ठेवले, पण दारावर वही ठेवली!

हा प्रश्न आपल्या उंबरठ्यावरही आला आहे. स्नायू दुबळे करणाऱ्या एका आनुवंशिक रोगावरच्या सुमारे १६ कोटी रुपयांच्या औषधासाठी २०२१ साली महाराष्ट्रात हजारो अनोळखी हातांनी वर्गणी दिली; सरकारने त्यावरचे करही माफ केले. त्याच वर्षी दुर्मिळ रोगांसाठी राष्ट्रीय धोरण आले; त्यातील साहाय्याची मर्यादा २० लाखांवरून २०२२ साली ५० लाखांवर नेण्यात आली. वर्गणी देणाऱ्यांचे औदार्य वंदनीयच. पण ज्या मुलाचे छायाचित्र घरोघरी पोहोचले नाही, त्याचे काय? आणि ज्यांना औषध मिळाले, ती मुले पुढे कशी वाढली, हे वर्षानुवर्षे लिहून ठेवण्याची जबाबदारी कोणाची?

सामाईक पैशातून आशा विकत घेऊ नये, असे मी म्हणणार नाही. आशेवाचून कोणतेच औषध जन्माला आले नसते. परंतु ज्या आशेसाठी आपण दुसऱ्याच्या वाटणीचा पैसा खर्चितो, तिने निदान ज्ञानाच्या रूपाने तरी परतफेड केली पाहिजे. आपल्याकडे दिव्याने दिवा लावतात. आजच्या रोग्याला दिलेल्या औषधाने उद्याच्या रोग्याची वाट थोडी उजळली, तरच ती दया पुरी झाली म्हणायची.