न स्वीकारलेले दान

अलास्कातील युकॉन नदीच्या मुखाकडे राहणाऱ्या युपिक या आदिवासी समाजाची अशी श्रद्धा आहे की, सामन मासा आदराने वागणाऱ्या माणसाला स्वतःहून आपला देह अर्पण करतो. त्यामुळे हाती आलेला मासा निव्वळ खेळ म्हणून परत पाण्यात सोडणे हा तेथे अवमान ठरतो. हंगामाअखेर लाकडी मांडवांवर वाळवून धुरी दिलेल्या माशाच्या लालसर पट्ट्या हिवाळ्याच्या बेगमीसाठी उतरवल्या जात, आणि मासा चिरण्याची कला मुले वडीलधाऱ्यांच्या हाताखाली शिकत. चिनूक, म्हणजे सामनची सर्वांत मोठी जात, झपाट्याने घटल्याने २०२४ मध्ये अलास्का व कॅनडा यांनी युकॉन नदीतील तिच्या मासेमारीवर ७ वर्षांची बंदी मान्य केली. दाता वाचावा म्हणून दान नाकारणे हा आदर की अनादर? संयमही आदरच होय. मात्र ज्यांचे अन्न, शिक्षण आणि श्रद्धा त्याच नदीकाठी घडतात, त्यांना विश्वासात न घेता लादलेला संयम न्याय्य ठरत नाही.