लिदीचा हिशेब

गव्हाचं काड आणि ओटचे दाणे पूर्ण वाळवून, सारख्याच वजनाचे घेऊन, ऑक्सिजन भरलेल्या पोलादी भांड्यात जाळले तर भोवतालचं पाणी जवळजवळ सारखंच तापतं. किलोमागे साधारण १८ ते २० मेगाज्यूल उष्णता दोघांतूनही निघते. बॉम्ब कॅलरीमीटर म्हणतात त्या या उपकरणाला वैरण आणि चंदी यांतला भेद कळत नाही. आगीला सगळंच पचतं.

घोड्याला सगळं पचत नाही, आणि काय पचलं नाही हे लीदच सांगते. म्हणून पचनाचे प्रयोग करताना घोड्याच्या मागे पट्ट्यांनी पिशवी बांधतात. लीद तिच्यात पडते, मूत्र वेगळं जमतं. तोच चारा आधी बरेच दिवस देऊन पोट सरावलेलं असतं. मग दिलेलं खाद्य तोलायचं, गव्हाणीत उरलेलं तोलायचं, दिवसरात्रीची लीद तोलायची. तिचा नमुना वाळवून, दळून, पुन्हा त्याच भांड्यात जाळायचा. खाल्लेल्या ऊर्जेतून लिदीतली वजा केली की पचलेली ऊर्जा कळते. ओटमधली साधारण दोन-तृतीयांशाहून जास्त ऊर्जा घोड्याला लाभते, काडातली जेमतेम तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. तक्त्यातल्या एकेका आकड्यामागे कुणीतरी असं लीद तोलत उभं राहिलेलं असतं. त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

पचलेलं तरी सगळं कुठे कामी येतं? खाण्याचेही कष्ट असतात. किलोभर ओट घोडा दहाएक मिनिटांत संपवतो. तेवढंच सुकं गवत चावायला त्याला चाळीसएक मिनिटं लागतात, जबडा तीन हजारांहून जास्त वेळा हलतो. पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यातले तंतू आंबवतात, त्यातही उष्णता जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये नाथान त्सुंट्झ यांनी घोड्याला यांत्रिक पट्ट्यावर चालवून त्याचा श्वास मोजला आणि विश्रांतीत व श्रमात किती ऊर्जा लागते ते आकड्यांत मांडलं. फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९८४ साली असा खर्च वजा करून नवं माप दिलं: एक किलो जवातून शेवटी घोड्याच्या उपयोगी पडणारी ऊर्जा म्हणजे १. चांगलं सुकं गवत या मापात निम्म्याच्या आसपास भरतं. अमेरिकेतला हिशेब पचलेल्या ऊर्जेवरच थांबतो: ५०० किलोच्या, काम नसलेल्या घोड्याला दिवसाला सुमारे १६.७ मेगाकॅलरी, जड कामाच्या घोड्याला २६.६. तो सोपा आहे, पण मला फ्रेंच रीत जास्त न्यायाची वाटते. जनावराच्या जबड्याचे श्रमही तिनं धरले आहेत.

माथेरानसारख्या ठिकाणी, जिथे मोटारींना बंदी आहे आणि माणसं-सामान घोड्यांच्या पाठीवरूनही जातं, तिथे हा हिशेब पोटापाण्याचा आहे. घोड्याच्या आणि मालकाच्याही. रोज प्रयोगशाळा कुणाजवळ असणार? पण बरगड्यांवरून हात फिरवता येतो. त्या डोळ्यांना दिसू नयेत आणि बोटांना सहज लागाव्यात, म्हणजे खाणं आणि काम यांचा मेळ बसला आहे. आणि चंदी मापानं घालायची सोडून काट्यावर तोलता येते. ओटचं माप तेच ठेवून त्यात मका भरला तर घोड्याच्या तोबऱ्यात जवळपास दुप्पट ऊर्जा जाते. मका वजनाला जड, त्यात पिष्टही जास्त. लहान आतड्यात न पचलेलं पिष्ट मोठ्या आतड्यात उतरलं की आम्ल वाढतं, पोटशूळ उठतो, खुरांच्या आत सूज धरते आणि घोडा पाय टेकेनासा होतो. म्हणून चंदी बदलायची तर आठवडा-दोन आठवडे घेऊन, थोडी थोडी, आणि दर वेळी काट्यावर तोलूनच.