मुका बैल

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी पांढुर्णा-सौंसरकडच्या गोठ्यांत खांदशेकणी होते. जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यावर आधी कोमट पाणी, मग हळद-तूप पळसाच्या पानानं हळूहळू चोळायचं. बैलाची कातडी थरथरते, डोळे अर्धे मिटतात. मग त्याला उद्याच्या जेवणाचं आवतन. हे आवतन नेमकं कुणाला असतं, हा प्रश्न मला थॉमस अ‍ॅक्विनास वाचताना पडला.

1225 च्या सुमारास इटलीत जन्मलेला हा डॉमिनिकन साधू अंगानं थोराड, स्वभावानं अबोल. सोबतचे विद्यार्थी त्याला मुका बैल म्हणून चिडवत. या बैलाचं हंबरणं एक दिवस सगळं जग ऐकेल, असं त्याचे गुरू अल्बर्ट म्हणाल्याची आख्यायिका आहे.

पण या बैलानं बैलांच्या पदरात फारसं काही टाकलं नाही. अ‍ॅरिस्टॉटलच्या वाटेनं जात तो म्हणतो, झाडालाही आत्मा आहे. म्हणजे सौंसरच्या संत्र्यालाही. वाढणं, फळणं हे त्याचं काम. बैलाचा आत्मा त्याशिवाय पाहतो, ऐकतो, दुखलं तर हुंकारतो. दोघांचेही आत्मे देहासोबतच विझतात. माणसाचा तेवढा उरतो, कारण बुद्धीचं काम डोळ्या-कानासारखं एखाद्या अवयवाच्या हवाली नाही.

इथं माझं त्याच्याशी पटत नाही. खांदा शेकणाऱ्या हाताला समोर विझणारं काही आहे असं वाटतच नसतं. वरूड-मोर्शीकडं उतरलं की रिद्धपूर लागतं. तिथल्या महानुभावांनी त्याच तेराव्या शतकात जीव अनादि मानला. आज या देहात, उद्या त्या. थॉमसला हे चाललं नसतं. त्याच्या लेखी आत्मा कुणाच्याही अंगावर चढणारा सदरा नव्हे. माझा आत्मा माझ्याच देहाचा. भूक त्याची, विचारही त्याचाच. माणसात तीन आत्मे नाहीत, एकच. याच विचाराला लागून असलेली काही विधानं शिकवायला 1277 मध्ये ऑक्सफर्डात मनाई झाली, तेव्हा थॉमसला जाऊन तीन वर्षं झाली होती.

आपण मात्र सहज म्हणतो, कुडी सोडली, पिंजरा रिकामा झाला. म्हणतो, पण वागतो का तसं? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीत पळसाचं झाड रोवून झेंडा लावतात, आणि पांढुर्णा नि सावरगाव एकमेकांवर दगड भिरकावतात. या गोटमारीत कपाळ फुटलेला माणूस ‘माझ्या शरीराला लागलं’ असं म्हणत नाही. ‘मले लागलं’ म्हणतो. थॉमसचं सगळं म्हणणं त्या ‘मले’मध्ये आहे. मेल्यावर उरलेला आत्मा म्हणजे पुरा माणूस नव्हे, असं तो ठासून सांगतो. म्हणून त्याला देहाचं पुनरुत्थान हवं असतं. पुनरुत्थानाचं मला ठाऊक नाही. पण तेराव्यालाही माणसाच्या आवडीचं ताटात वाढणारे आपण त्याच्यापासून फार लांब नाही.

1273 च्या डिसेंबरात एका सकाळी उपासनेत त्याला काहीतरी झालं आणि हातातला मोठा ग्रंथ त्यानं अर्धवट सोडला. आजवर लिहिलेलं सगळं आता आपल्याला पालापाचोळ्यासारखं वाटतं, असं तो सोबत्याला म्हणाल्याचं सांगतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मळणीनंतर उरतो तो भुसा. आमच्याकडे त्याला कुटार म्हणतात, आणि ते बैलापुढे टाकतात.