आठवड्याची सुई आणि खारपाणपट्टा

अन्न पोटात गेले की आतड्यातील काही पेशी जीएलपी-१ नावाचे संप्रेरक, म्हणजे रक्तातून संदेश नेणारे रसायन, स्रवतात. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, जठर रिकामे होण्याचा वेग मंद करते आणि मेंदूला पोट भरल्याची जाणीव देते. शरीरातील एक विकर त्याला काही मिनिटांतच निकामी करत असल्याने, त्याची नक्कल करणारे पण आठवडाभर टिकणारे सेमाग्लुटाइडसारखे रेणू घडवले गेले. टाइप-२ मधुमेह आणि लठ्ठपणा या दोहोंवर त्यांचा गुण सिद्ध झाला आहे. मात्र तो कोणत्या शरीरात आणि कोणत्या परिस्थितीत उतरणार, हा प्रश्न वऱ्हाडात वेगळ्या रीतीने विचारावा लागतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत केलेल्या अभ्यासात नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो आढळले; तरीही इथल्या बाळांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती, उणे होते ते स्नायू. दिसायला बारीक पण आतून चरबीयुक्त अशा या देहात मधुमेह कमी वजनावरही शिरतो. औषधाने उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि निंदणाला, कापूस वेचायला जाणाऱ्या मजूर बाईचे स्नायू हेच तिचे भांडवल असते; म्हणून तिच्या बाबतीत काट्यावर किती किलो उतरले यापेक्षा कमरेचा घेर किती घटला आणि हातापायांतले बळ किती टिकले, हे मोजणे अधिक सयुक्तिक ठरते.

अमरावती जिल्ह्यातील भातकुली तालुका पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मोडतो. तिथले भूजल क्षारयुक्त असून मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार या पट्ट्यात जुनी आहे. या औषधांची आठवड्याची सुई सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत मळमळ, उलट्या, जुलाब होऊ शकतात. त्यातून शरीरातले पाणी घटले तर मूत्रपिंडावर ताण येतो, आणि मे महिन्याच्या वऱ्हाडी उन्हात तो दुणावतो. शिवाय सुई टोचण्याचे न वापरलेले पेन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते, ही अट भारनियमनाच्या गावात सहज पाळली जाणारी नाही.

किमतीचा हिशेबही शेतीच्याच मापाने करावा लागतो. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपेटाइड हे दोन संप्रेरकांची नक्कल करणारे औषध भारतात आले, तेव्हा २.५ मिलिग्रॅमची एक कुपी ३,५०० रुपयांना होती, म्हणजे महिन्याच्या चार सुयांना १४,००० रुपये. २०२५-२६ च्या क्विंटलला ५,३२८ रुपये या हमीभावाने ही किंमत अडीच क्विंटलहून अधिक सोयाबीनची होते. सेमाग्लुटाइडच्या मुख्य भारतीय पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच असल्याने स्पर्धेमुळे भाव उतरणे स्वाभाविक आहे, परंतु उतरलेला भावही दर आठवड्याला मोजावा लागतो आणि कोरडवाहू घरात पैसा हंगामालाच येतो. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आला. दिवाळीला सुरू केलेली आणि पेरणीच्या तोंडावर सुटलेली सुई त्यामुळे पैसा नेते आणि लाभ टिकू देत नाही.

म्हणून शासनाने ही औषधे तालुक्यापर्यंत न्यायची ठरवली, तर पेनांच्या खरेदीआधी क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या घटकाची रक्ततपासणी, चालू राहणारे शीतकपाट, वर्षभराचा अखंड पुरवठा आणि पिण्याचे गोडे पाणी यांची तजवीज करावी. यांतले गोडे पाणी तर भातकुलीला सुई नसतानाही हवेच आहे.