न वाजवितां घेतलेलें नाणें

ज्या समाजानें पिढ्यान् पिढ्या बाजार केला, त्याच्या भाषेंत बाजाराचे शब्द हळूहळू नीतीचे शब्द होऊन बसतात. आपल्या मराठीचेंच पाहा. भरंवशाच्या माणसास आपण ‘खणखणीत नाणें’ म्हणतों. लबाडास ‘खोटें नाणें’ म्हणतों. कोणाची परीक्षा पाहावयाची झाली तर त्यास ‘वाजवून घेतों’ किंवा ‘कसोटीस लावतों’. पोतदार हें नुसतें आडनांव नव्हे. सरकारी खजिन्यांत येणारें नाणें तपासून घेणाऱ्याच्या हुद्द्याची ती आठवण आहे. या सगळ्या शब्दांच्या बुडाशीं एकच समजूत आहे: देणारा आणि घेणारा समोरासमोर बसले आहेत, आणि नाणें घेणाऱ्याच्या हातांत आहे. ही समजूत आतां पुष्कळ व्यवहारांतून नाहींशी झाली. नाणें मोबाईलच्या कांचेवर दिसतें. तें वाजवितां येत नाहीं. अशा काळीं प्रामाणिक व्यवहार राखावयाचा तो कोणीं आणि कसा, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटला, तरी नीतिविचाराच्या दृष्टीनें तो क्षुल्लक नाहीं असें आम्हांस वाटतें.

हा प्रश्न रायगडच्या किनाऱ्यावरून मांडणें सोयीचें आहे. ६ जून १६७४ रोजीं रायगडावर राज्याभिषेक झाला, आणि एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशीं देवनागरी अक्षरें असलेलें नाणें प्रचारांत आलें. सोन्याचा तो होन, तांब्याची ती शिवराई. होन आज अत्यंत दुर्मिळ आहे. शिवराई मात्र पेशवाईंतही निरनिराळ्या टांकसाळींतून पडत राहिली, आणि इंग्रजी अंमल बसल्यावरही कांहीं काळ लोकांच्या कनवटीस होती. ज्या कुलाबा जिल्ह्याचें नांव १९८१ सालीं रायगड झालें, त्या जिल्ह्यांतील अलिबाग, चौल, मुरूड, महाड अशा गांवांतून जुन्या नाण्यांचा नाद असलेलीं माणसें आढळतात. पूर्वीं असा माणूस आपल्या गांवांत एकटा असे. आतां मोबाईलमुळें त्याचे सोबती त्यास सांपडले. पन्नास गांवचीं पांचशें माणसें एका मंडळांत येतात, एकमेकांस नाणीं दाखवितात, वाचून देतात, बदलतात, विकतात. हें फार चांगलें झालें. परंतु जेथें पांचशें माणसें एका गोष्टीसाठीं आसुसलेलीं आहेत, तेथें एकावन्नाव्या गांवचा भामटा यावयाचाच.

त्याची रीत फारशी अवघड नसते. दुसऱ्याच्या संग्रहांतील होनाचा फोटो उचलावयाचा. घरांत आजारपण आहे म्हणून पडत्या भावानें देतों असें लिहावयाचें. आणखी दोन गिऱ्हाइकें थांबलीं आहेत म्हणून घाई करावयाची. निम्मी रक्कम आगाऊ मागावयाची. आणि ती पोंचतांच फोन बंद करावयाचा. उलट बाजूनेंही हीच कला चालते. विकणाऱ्यास ‘पैसे पाठवितों’ म्हणून क्यूआर कोड धाडावयाचा, आणि त्याच्याच हातून पिन टाकवून त्याचेंच खातें रितें करावयाचें. वास्तविक यूपीआयवर पैसे घेण्यास पिन कधींच लागत नाहीं. तिसरा प्रकार जुन्या नोटांस व नाण्यांस भरमसाट किंमत मिळवून देणाऱ्या जाहिरातींचा. त्यांत आधीं कमिशन मागतात, मग कर मागतात, आणि हें सर्व रिझर्व्ह बँकेचें नांव व बोधचिन्ह पुढें करून मागतात. अखेर ४ ऑगस्ट २०२१ रोजीं रिझर्व्ह बँकेनें लोकांस जाहीर इशारा दिला कीं, असल्या खरेदीविक्रीशीं आपला कांहीं संबंध नाहीं, आपण त्यासाठीं कसलेंही शुल्क घेत नाहीं, आणि आपल्या वतीनें तें घेण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेस वा व्यक्तीस दिलेला नाहीं.

या सर्वांवर व्यवहारी माणसाचें पहिलें उत्तर असें कीं, घेणाऱ्यानें डोळे उघडे ठेवावे. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याचा रोखही कांहीं ठरीव अपवाद सोडले तर असाच आहे. परंतु त्याच कायद्याचें असेंही म्हणणें आहे कीं, वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशीं जुळलाच पाहिजे; आणि फोटोवरून केलेली विक्री ही वर्णनावरूनच केलेली विक्री होय. पुढें २०२० सालच्या ई-कॉमर्स नियमांनीं मोठ्या ऑनलाइन बाजारांवर विक्रेत्याचा नांवपत्ता दाखविण्याचें बंधन घातलें. मात्र जो माणूस धंदा म्हणून नव्हे तर खाजगी नात्यानें कधींमधीं कांहीं विकतो, त्याचा व्यवहार या नियमांबाहेर ठेविला. तें योग्यही आहे. शेजाऱ्यास जुनी सायकल देणाऱ्यावर दुकानदाराचे नियम कोण लादील? फसवणूक हा गुन्हा आहेच. पण गुन्ह्यास शिक्षा करणें ही एक गोष्ट, आणि तो घडूं न देण्याची व्यवस्था करणें ही दुसरी. छंदिष्टांच्या बाजारांत ही दुसरी गोष्ट सरकारनें बव्हंशीं त्यांच्याच हातीं सोडली आहे. जेथें कायदा थांबतो, तेथें रीतीभातींचा अधिकार सुरू होतो. म्हणूनच हा प्रश्न नीतीचा आहे.

घेणाऱ्याच्या सावधगिरीवर किती भिस्त ठेवावी, याविषयीं रोमन पंडित सिसेरो यानें कर्तव्यांवरील आपल्या ग्रंथांत एक मार्मिक हकीकत सांगितली आहे. कानियस नांवाचा रोमन गृहस्थ सिराक्यूज शहरीं विसांव्यास गेला असतां त्यास तेथें एक बाग विकत घ्यावीशी वाटली. पिथियस नांवाच्या सावकारानें त्यास आपल्या समुद्रकांठच्या बागेंत जेवावयास बोलाविलें आणि आदल्या दिवशीं कोळ्यांस सांगून ठेविलें कीं, उद्यां माझ्या बागेसमोर मासे मारा. जेवणाच्या वेळीं बागेसमोर होड्यांची ही गर्दी. जो तो मासे आणून सावकाराच्या पायाशीं ओततो आहे. पाहुणा भुलला, म्हणेल ती किंमत देऊन त्यानें बाग घेतली. दुसऱ्या दिवशीं एकही होडी दिसेना. शेजाऱ्यास विचारलें तेव्हां तो म्हणाला, येथें कोणीच मासे मारीत नाहीं; काल काय झालें याचें मलाच नवल वाटत होतें.

रेवदंड्याच्या किंवा थळच्या वाचकास ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाहीं. आम्हांस तींत महत्त्वाचें वाटतें तें असें कीं, कानियस बेसावध नव्हता. त्यानें जागा पाहिली, मासे पाहिले, प्रश्नही विचारले. त्याचे डोळे उघडेच होते. त्या डोळ्यांपुढें काय यावें हें मात्र विकणाऱ्यानें ठरविलें. आज फोटोचें तसेंच आहे. घेणारा कितीही निरखून पाहो, जें निरखावयाचें तेंच दुसऱ्यानें मांडलेलें असतें. तेव्हां ‘तूं सावध कां नव्हतास?’ हा प्रश्न अर्धवट आहे. पुरा प्रश्न असा कीं, ज्याला एकट्याला खरें कळण्याचा मार्ग नव्हता, त्याला तो मार्ग कोणीं करून द्यावयाचा होता? त्या हकीकतींतील शेजाऱ्यास सत्य ठाऊक होतें. तें त्यानें एक दिवस आधीं सांगितलें असतें तर?

आपल्याकडील शास्त्रकारांनीं हा भार एकट्या घेणाऱ्यावर टाकलेला नाहीं. आपल्या मालकीचा नसलेला माल विकणें, म्हणजे अस्वामिविक्रय, हें स्मृतींनीं अठरा व्यवहारपदांपैकीं एक मानलें. कौटिल्यानें तर बाजारावरील अधिकाऱ्यास असें सांगितलें आहे कीं, जुन्या वस्तूंची विक्री किंवा गहाण हें विकणाऱ्याची मालकी शाबीत झाल्यावरच होऊं द्यावें. नव्या मालाच्या मानानें जुन्या मालाचा उगम कळणें अवघड, म्हणून त्यास हा वेगळा नियम. यांतील तत्त्व आम्हांस फार मोलाचें वाटतें. ज्यानें बाजार भरविला, त्यानें नुसती जागा दिली असें होत नाहीं. त्यानें आपल्या नांवाचा आडोसाही दिला. मंडळांत पाहिलेल्या जाहिरातीवर लोक अनोळखी जाहिरातीहून अधिक विश्वास ठेवतात, तो मंडळाच्या नांवावर. जो विश्वास आपल्या नांवावर घेतला जातो, त्याची कांहीं राखण आपल्याकडे येते.

ही राखण करण्याचे उपाय साधे आहेत. विकावयाच्या नाण्याशेजारीं विकणाऱ्याचें नांव व त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून फोटो काढावा; नाण्याच्या दोन्ही बाजू, वजन व व्यास द्यावा; नाणें कोठून आलें तें सांगावें; नव्या सभासदानें कांहीं दिवस मंडळांत वावरल्यावरच विक्री करावी; मोठ्या रकमेचा व्यवहार समक्ष, किंवा दोघांच्या विश्वासांतील तिसऱ्यामार्फत व्हावा. यांतील एकही उपाय अभेद्य नाहीं. चिठ्ठीसह फोटो आतां यंत्राकडूनही बनवून घेतां येतो. पण कुलूप हेंही अभेद्य नसतें. तरी आपण दार सताड उघडें टाकीत नाहीं. नियमाचें काम लबाडी अशक्य करणें हें नव्हे, ती महाग करणें हें होय.

यावर आक्षेप येतो तो असा: जेथें सगळे एका छंदानें बांधलेले, तेथें पुरावा मागणें म्हणजे अविश्वास दाखविणें; वीस वर्षें नाणीं जमविणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाकडे चिठ्ठी मागणें हा तर अपमान. या भावनेबद्दल आम्हांस आदर आहे, तथापि तो आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. आपल्याकडे पैसे देणारा स्वतःच काय म्हणतो? ‘मोजून घ्या.’ घेणारा संकोचानें ‘असूं द्या’ म्हणाला, तरी देणारा आग्रह धरतो. त्या दोन शब्दांत केवढी सभ्यता आहे! खरा माणूस तपासणीची वाट पाहत नाहीं. तो ती आपण होऊन पुढें करतो. नियम सर्वांस सारखा लागू असला म्हणजे त्यांत कोणाचा अपमान राहत नाहीं. उलट वडीलधाऱ्यांस वगळलें, तर पुरावा मागणें ही केवळ नवख्यावरील शंका ठरते, आणि मग मात्र तो खरोखरच अपमान होतो. म्हणून मंडळांतील सर्वांत मान्यवर माणसानें चिठ्ठी सर्वांत आधीं ठेवावी.

शिवाय नियम नसला म्हणजे विश्वास वाढतो, ही कल्पनाच चुकीची आहे. खोटें चलन खऱ्या चलनास बाजारांतून हांकलून लावतें, हें ग्रेशमच्या नांवानें प्रसिद्ध असलेलें तत्त्व सर्वांस ठाऊक आहे. १९७० सालीं जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञानें जुन्या मोटारींच्या बाजाराचें उदाहरण घेऊन दाखविलें कीं, घेणाऱ्यास चांगलें आणि वाईट यांतील भेद कळेनासा झाला म्हणजे तो चांगल्यासही वाइटाचीच किंमत देऊं पाहतो, आणि चांगला विकणारा बाजार सोडून जातो. छंदिष्टांच्या मंडळांत नेमकें हेंच होतें. चार जणांची फसवणूक झाली कीं पांचव्याच्या खऱ्या शिवराईकडेही कोणी पाहत नाहीं. भामटा चौघांचे पैसे नेतो, पण पांचशें जणांचा एकमेकांवरील विश्वास नासवून जातो; आणि तो कोणत्याही न्यायालयांत परत मिळत नाहीं.

मात्र राखण करणाऱ्यांनींही आपली मर्यादा सांभाळली पाहिजे. ओळखीसाठीं आधारकार्डाच्या नकला सर्वांकडून गोळा करणें म्हणजे एक लबाडी टाळण्यास दुसरीची सोय करून ठेवणें होय. तसेंच, ज्याचें पार्सल टपालांत अडकलें त्यास चोर ठरविण्याची घाई होऊं नये. पैसा गेला तर पुन्हा मिळवितां येतो. लहान गांवांत गेलेलें नांव परत येणें त्याहून कठीण. आरोप झाला तर विक्री थांबवावी, दोन्ही बाजू ऐकाव्या, पुरावा पाहावा आणि मगच नांव जाहीर करावें. सावधपणाचें रूपांतर संशयांत झालें, तर भामट्यावांचूनच मंडळ मोडेल.

आणखी एक गोष्ट बोलणें अप्रिय असलें तरी बोललें पाहिजे. भामट्याचें भांडवल अर्धें त्याचें असतें, अर्धें आपलें. लाखांचा होन हजारांत मिळतो असें दिसतांच जो मनांत हरखतो, तो विकणाऱ्याच्या अडचणीचा किंवा अज्ञानाचा फायदा घेण्यास अगोदरच तयार झालेला असतो. ‘गडाच्या पायथ्याशीं मातींत सांपडलें’ असें सांगून विकलेल्या नाण्याचेंही असेंच. १८७८ च्या कायद्यानें, जमिनींत सांपडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची खबर कलेक्टरास द्यावी लागते. आणि शंभर वर्षांपूर्वींचीं नाणीं १९७२ च्या कायद्यानें पुरावस्तूंत मोडतात. तेव्हां तें सांगणें खोटें असेल तर आपण फसतों, आणि खरें असेल तर अपराधांत भागीदार होतों. उगम विचारणें हें अशा रीतीनें आपल्या पैशाचेंच नव्हे, आपल्या प्रामाणिकपणाचेंही रक्षण आहे. खोटा होन खरा म्हणून संग्रहांत शिरला, तर तो इतिहासासही फसवितो. आणि त्याचें भरपाईचें गिऱ्हाईक म्हणजे पुढची पिढी.

आणि इतकें करूनही कोणी फसलाच, तर त्यास हंसूं नये. आपल्या मध्यमवर्गीय घरांत पैसा गेल्याच्या दुःखापेक्षां ‘शिकलासवरलेला असून फसला’ या बोलाची भीति मोठी असते. म्हणून माणूस घरींही सांगत नाहीं, मंडळांतही सांगत नाहीं. आणि त्याच्या मौनावर भामटा पुढचें सावज गांठतो. १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार केली तर गेलेली रक्कम वाटेंत अडविली जाण्याचा संभव असतो. लाजेंत गेलेला एक दिवस तो संभव नाहींसा करतो. ज्या मंडळांत फसलेल्यास निर्भयपणें बोलतां येतें, तेथें प्रत्येक सभासद दुसऱ्याचा शेजारी होतो, आणि सिराक्यूजच्या शेजाऱ्याहून एक दिवस आधीं तोंड उघडतो. जें नाणें एकट्यास वाजवून पाहतां येत नाहीं, तें पांचशें जणांनीं मिळून वाजवून पाहतां येतें. विश्वास म्हणजे न तपासणें नव्हे. एकमेकांसाठीं तपासण्याचे कष्ट घेणें, हाच विश्वास.