कावळा शिवला, कोर्ट शिवेना

माणूस जिवंत असताना घरात त्याचं कुणी ऐकत नाही. चहात साखर जरा जास्त घाला, एवढी साधी इच्छासुद्धा डॉक्टरचं नाव पुढे करून फेटाळली जाते. मात्र तोच माणूस मृत्युपत्र करून मेला, की त्याचा शब्द न् शब्द ऐकायला दोन वकील, एक न्यायाधीश, एक पट्टेवाला आणि झाडून सगळे वारस हातातली कामं टाकून हजर होतात. एवढं लक्ष त्याच्याकडे त्याच्या लग्नातदेखील कुणी दिलेलं नसतं.

वास्तविक शेवटच्या इच्छेचं कोर्ट आपल्याकडे फार जुनं आहे. ते दहाव्याला नदीकाठी भरतं. त्याचा न्यायाधीश काळा कोट घालूनच जन्माला आलेला. पिंड ठेवायचा आणि वाट पाहायची. कावळा शिवेना, की थोरला पुढे होऊन हात जोडतो, "बाबा, आईले मी सांभाळतो. धाकट्याले अंतर देत नाही." मग कावळा शिवतो आणि मंडळी जेवायला मोकळी. पुरावा नाही, उलटतपासणी नाही, अपील नाही. खोट एकच, या कोर्टातल्या कबुलीची नक्कल मिळत नाही. तेरावं उरकून वारसांची नोंद करायला मंडळी तलाठ्याकडे निघाली, की ती कबुली कावळ्याबरोबरच उडालेली असते.

सरकारी कोर्ट इतक्या सहज शिवत नाही. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, ते कोऱ्या कागदावरही होतं. पण १९२५ च्या वारसा कायद्याचं कलम ६३ म्हणतं की करणाऱ्याची सही किंवा अंगठा हवा, निदान दोन साक्षीदार हवेत, आणि त्यांनी त्याच्या समक्ष सह्या केलेल्या हव्यात. पुढे वाद झालाच, तर हयात असलेल्या साक्षीदारांपैकी एकाला तरी कोर्टात उभं करावं लागतं. हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि २०२३ च्या नव्या साक्ष अधिनियमातही आहे. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात साक्षीदार म्हणून गावातला सगळ्यात वडीलधारा माणूस बोलावण्याची रीत. तो बहुधा मृत्युपत्र करणाऱ्याच्याही आधी जातो. आमच्या घाटाखालच्या गावातले आबा मात्र हुशार. त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, "तू टिकशील बाप्पा."

आबा गेले, मी टिकलो, आणि तालुक्याच्या कोर्टात पेशीला उभा राहिलो.

प्रकरण साधंच होतं. आबांचं स्वकष्टाचं सहा एकर काळं रान. दोन मुलगे, एक मुलगी. अखेरची चार वर्षं आबांचं पथ्यपाणी मुलीनं केलेलं. मृत्युपत्रात विहिरीकडचे दोन एकर तिला दिलेले, बाकीचे मुलांना. मुलांचं म्हणणं, म्हातारा भ्रमिष्ट झाला होता. जन्मभर ज्या बापाच्या शहाणपणाचा गावात दाखला दिला, त्याचं खूळ सिद्ध करायला दोघं भाऊ फी भरून उभे होते. मुलीच्या वकिलानं थोरल्याला विचारलं, "भ्रम कधीपासून?"

"चार वर्सं झाले जी. माणसं वळखू येत नोते त्याइले."

"मग गेल्या जूनमध्ये सोसायटीच्या पीककर्जावर त्यांची सही कुणी घेतली?"

"म्याच."

"तेव्हा शुद्धीवर होते?"

"कर्जापुरते होते जी."

कोर्ट हसलं. पण हसू मुलीलाही परवडणारं नव्हतं. अर्जनविसाला बोलावलं तिनं, त्याचे पैसे दिले तिनं, चहा केला तिनं, आणि विहीरही तिलाच. कायद्याच्या नजरेत ही संशयाची जागा. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी, म्हणजे आपल्या साताऱ्याच्याच माणसानं, एका प्रसिद्ध निकालात हे नीट मांडून ठेवलं आहे. मृत्युपत्र बोलू लागतं ते करणाऱ्याच्या मृत्यूनंतर, आणि हे माझं की नव्हे, हे सांगायला तो येऊ शकत नाही. म्हणून ज्याला त्या कागदाचा मोठा लाभ आणि कागद करण्यातही ज्याचा पुढाकार, त्यानं न्यायालयाच्या मनातली शंका फेडलीच पाहिजे.

ती शंका माझ्यावर येऊन पडली. पेन निळं होतं की काळं, आबा खाटेवर होते की खाली, हे सगळं झालं. मग न्यायाधीशांनी स्वतः विचारलं, "कागदात काय आहे, हे त्यांना कळत होतं कशावरून?"

मी सांगितलं, कागद वाचून झाल्यावर आबांनी एक ओळ वाढवायला लावली. विहीर पोरीची, पण पाणी तिघांचं. थोरल्याला सोमवार-मंगळवार, धाकट्याला बुधवार-गुरुवार, पोरीला शुक्रवार-शनिवार. रविवारी मोटर बंद, विहिरीला पाझरायला वेळ द्यायचा. न्यायाधीशांनी कागद उलटून पाहिला. ओळ तिथं होती. धाकटा आपल्या वकिलाकडे वळून हळूच म्हणाला, "हे आपल्याले काहून नाही सांगतलं?" दोन्ही भावांनी तो कागद पहिल्या परिच्छेदापुढे वाचलाच नव्हता.

निकाल कागदाच्या बाजूनं लागला. अपील जिल्हा न्यायालयात आहे. पाणी मात्र तेव्हापासून वारांप्रमाणे चालू आहे.

अर्थात हे काही आमच्या घाटाखालचंच नाही. पुण्याचे सरदार बाबा महाराज १८९७ साली मृत्युपत्र करून वारले. विश्वस्तांत लोकमान्य टिळक होते, आमच्या वऱ्हाडचे दादासाहेब खापर्डेही होते. पण दत्तकाचा वाद पेटला आणि लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. टिळकांच्या बाजूनं शेवटचा निकाल लागला तो १९१५ साली. तोवर ज्यांच्या नावानं प्रकरण ओळखलं जातं, त्या ताई महाराजही राहिल्या नव्हत्या.

आता खरा प्रश्न. मेलेल्याची इच्छा पाळायची कशासाठी? चार्वाकाला विचाराल तर जळालेल्या देहाला सुख नाही, दुःख नाही, आणि विहिरीचं पाणीही नाही. मग फसवणूक होते कुणाची? मला वाटतं, प्रामाणिकपणा खरा तपासला जातो तो इथंच. जिवंत माणसाला दिलेला शब्द आपण निम्मा भीतीनं पाळतो. तो जाब विचारील, चारचौघांत काढील. मेलेला माणूस काहीच करू शकत नाही. त्याच्याशी बेइमानी करण्याइतकं सोपं काम जगात दुसरं नाही. म्हणून कोर्टाचा संशय लोकांना जाचक वाटतो, तरी मला त्याचा राग येत नाही. सगळे वकील वारसांचे असतात. त्या खोलीत मेलेल्या माणसाचा एकच वकील असतो, कोर्टाचा संशय. आणि फी न घेणाराही तोच.

तरीदेखील शक्य असेल त्यानं आपला कागद जिवंतपणीच सगळ्यांना बसवून, जेवणाआधी मोठ्यानं वाचून दाखवावा. भांडण होईल. भात निवेल. पण आपल्याला त्यात काय म्हणायचं होतं, हे सांगायला निदान आपण तिथं हजर असू.