जबालेचा दाखला

छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात सत्यकाम गुरुगृही जाण्यापूर्वी आईला आपले गोत्र, म्हणजे पितृकुळाची ओळख, विचारतो. तेव्हा तारुण्यात परिचर्या करीत असताना तो झाला, गोत्र ठाऊक नाही, त्याने ‘सत्यकाम जाबाल’ एवढेच सांगावे, असे उत्तर आई जबाला देते आणि हे सत्य ऐकून गुरू गौतम त्याचे उपनयन करतो. विद्येचा अधिकार, म्हणजे शिकण्याची पात्रता, कुळावर अवलंबून नसल्याचे प्रमाण म्हणून ही कथा आजही सांगितली जाते. मात्र जिच्या निर्भय शब्दांनी आश्रमाचे दार उघडले, त्या आईच्या अध्ययनाचे काय, हे उपनिषद विचारीत नाही.

हीच उणीव पुढेही दिसते. 1863 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढून फसवल्या गेलेल्या विधवांना आसरा दिला, हे अतुलनीय धैर्याचे काम होते. तेथे जन्मलेला, त्यांनी दत्तक घेतलेला यशवंत डॉक्टर झाला, पण त्याची जन्मदाती काशीबाई त्याची आई म्हणूनच स्मरणात उरली. याउलट नागपुरात 1921 साली मातृसेवा संघ स्थापन करणाऱ्या कमलाताई होस्पेट स्वतः बालविधवा होत्या आणि परिचारिकेचे शिक्षण घेऊन उभ्या राहिल्या होत्या, म्हणून त्यांचे उदाहरण येथे मोलाचे ठरते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात 15 ते 19 वयोगटातील 7.6 टक्के मुली आई झालेल्या किंवा गर्भवती होत्या. अठरा वर्षांखालील मुलीच्या बाबतीत 2012 चा पॉक्सो कायदा, म्हणजे बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, तिला पीडित मानतो. तरीही शाळा सुटते ती तिचीच. शीलाला विद्येची अट मानणारी जुनी समजूत येथे अन्याय सोसलेलीलाच अपात्र ठरवते, आणि हा दोष धर्मविचाराने स्वतःहून दूर केला पाहिजे.

नागपूरच्या शाळा-महाविद्यालयांनी गजबजलेल्या धरमपेठेत अशी मुलगी सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे खासगी विद्यार्थिनी म्हणून, दहावीला बसू शकते. परंतु अंगावर पिणारे बाळ असताना तीन तासांचा पेपर द्यायचा, तर परीक्षा केंद्राजवळ दूध पाजायला एक खोली आणि बाळाला सांभाळणारे माणूस लागते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ हा रकाना असतो, आईच्या नावाचाही असतो. सोडण्याच्या कारणापुढे ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे लिहिले जाते, आणि मुलीची स्वतःची विनंती काय होती, हे त्या कागदावर कोठेही येत नाही.